बत्तिसावी जागा

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. बुटाची नाडी तीनदा सोडली, तीनदा बांधली. ज्याचा फोटो क्लबाच्या भिंतीभिंतीवर लावलाय अशा बापाच्या पोटी जन्मायचं आणि वर टेनिसच खेळायचं, हा उद्योग सांगितला होता कुणी? पण खेळत होती, सात वर्षं, आणि चांगली खेळत होती. जिंकली की लोक म्हणायचे, "बापाचं रक्त." हरली की, "बापाचं नाव घालवलं." तिच्या स्वतःच्या वाट्याला काहीच यायचं नाही.

काल कपडे बदलायच्या खोलीत तिने दाराआडून ऐकलं. "हिला मोठ्या स्पर्धेत कसं घेतलं? बाबांचा एक फोन, की वाइल्ड कार्डची, शिफारशीची जागा हजर. आपण बसायचं बाहेर." बोलणारी तिची रोजची सरावातली जोडीदारीण होती, जिची जागा एका नंबराने हुकली होती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना तिने वर्षापूर्वीच बजावलं होतं, माझ्या स्पर्धांत लुडबुड नको, त्याबद्दल चकार शब्द नको. तरी फोन केला?

आज कार्यालय उघडायच्या आधीच ती दारात उभी. माघारीचा अर्ज भरला, सही ठोकली, कार्यालयातल्या बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो नोंदवला, यादीतल्या पुढच्या मुलीला फोन करून "जागा झाली, ये" म्हणून सांगितलं आणि मग कुठे चष्मा वर करून विचारलं, "काही दुखावलंय का गं?"

"नाही. मला शिफारशीची जागा नकोय."

"कसली शिफारस? वाइल्ड कार्डवाल्या चौघी त्या खाली, वेगळ्या लिहिल्यात. तू तुझ्या नंबरावर आलीस. बत्तिसावी, शेवटची, पण स्वतःच्या गुणांवर."

यादी आठ दिवस भिंतीवर होती. आपण नाव शोधताना लोक बघतात, म्हणून ही शहाणी तिकडे कधी फिरकलीच नव्हती.

"मग तो अर्ज परत द्या ना."

"नोंद झाली, बाळा. आता माझ्या हातात काही नाही."

बाबा फाटकाबाहेर गाडीत बसले होते. आत यायची त्यांना बंदी होती, तिचीच. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाकिटातून चार घड्यांचा कागद काढला. तीच यादी होती, बत्तिसाव्या नावाखाली पेन्सिलची रेघ.

"लागली त्याच दिवशी उतरवून घेतली," ते म्हणाले. "तूच बोलू नका म्हणाली होतीस."

तिला रडू कोसळलं. बाबांनी खिशातून मोबाइल काढला. "स्पर्धेचा प्रमुख माझ्याबरोबर खेळलेला आहे. एक फोन करू का?"

आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होते. आणि खरं सांगायचं तर तिला वाटलं, करा. अगदी मनापासून वाटलं, आणि वाटलं याचीच लाज वाटली. तेवढ्यात जोडीदारीण खांद्यावरची किट सावरत, धापा टाकत फाटकातून आत पळाली. तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नको," ती बाबांना म्हणाली. कागद मात्र तिने परत दिला नाही.