चार सोलाणी

माणसाने आयुष्यभर पोलादाला धार लावावी आणि म्हातारपणी बटाट्यापुढे हात टेकावेत, याहून मोठी नाचक्की कोणती? मी अडतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. लेथवर लागणारी हत्यारं घासून द्यायची, हे माझं काम. तिथे मला सगळे 'वस्तरा' म्हणायचे. काही जण धारेमुळे म्हणायचे, काही जण तोंडामुळे. आणि त्याच मला घरात वापरायला एक धड सोलाणं मिळेना.

चार महिन्यांपूर्वी बायको बाथरूममध्ये घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पंजा काही पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, या हातात आता जोर यायचा नाही, डाव्याची सवय करा. तिने केली. जेवण, सही, दाराची कडी, सगळं ती डाव्या हाताने करायला शिकली, आणि तेही कुरकुर न करता. कुरकुरीचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

लेकीचं पहिल्या दिवसापासून एकच टुमणं होतं, आईला माझ्याकडे पाठवा. तिच्या घरात एक जादा पलंग मावतो, दोन मावत नाहीत. म्हणजे मी इथेच. बायकोने तिच्याकडून एक महिना मागून घेतला. मला म्हणाली, स्वयंपाकघरातलं एक तरी काम माझ्या हातून धड होऊ दे, मग मी कुठे जात नाही. मी म्हटलं, अगं, सोलणं, चिरणं, भांडी उचलणं सगळं मी करतो, तू नुसती बसून सांग.

"नुसतं बसायचंच असेल तर लेकीकडे बसते," ती म्हणाली. "तिथे निदान नातवंडं तरी दिसतील."

मला चहा येतो, भात येतो, कपडे धुता येतात. एकटं राहता येत नाही. हे मी तिला सांगितलं का? छे. मी म्हटलं, बघू.

बसल्या जागी करता येईल असं काम म्हणजे सोलणं. मी एका फळीत खालून तीन बिनगंजाचे खिळे ठोकले आणि फळी जेवणाच्या टेबलाला आवळून टाकली. बटाटा खिळ्यांवर खुपसला की जागचा हलत नाही. अर्धा सोलून झाला की उलटा खुपसायचा. उजव्या हाताने नुसतं टेकवलं तरी भागतं. ही अक्कल माझी होती आणि ती चांगली होती, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे माझ्या अकलेबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही येत नाही.

पहिलं सोलाणं घरातलंच होतं. लग्नानंतर वर्षभरात घेतलेलं, सगळं पोलादी, पात्याच्या मधोमध लांब फट आणि फटीच्या एका कडेला धार. ती धार कधीच बोथटली होती. मी दगड काढला, अर्धा तास घासलं, एक बटाटा स्वतः सोलून बघितला. लोण्यातून चालल्यासारखं चाललं. मग मोठ्या रुबाबात तिच्या हातात दिलं. तिने ओढलं, तर ते सालीवरून नुसतं घसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. मी म्हटलं, जोर लाव. तिने जोर लावला, टोक रुतलं आणि बटाट्याचा लचका निघून जमिनीवर पडला. मी सोलाणं हातात घेऊन पुन्हा सोलून दाखवलं. हे बघ, चालतंय की.

मग मी भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या होत्या, म्हणून माझ्याशी निभावलं. त्यांनी मला एक सोलाणं दाखवलं, त्याचं पातं दोन टोकांना अडकवलेलं आणि दोन्ही कडांना धार. पातं हाताला डुगडुगत होतं. मी म्हटलं, हे ढिलं आहे. त्या म्हणाल्या, ते तसंच असतं, भाजीच्या उंचसखल अंगाबरोबर ते आपोआप वळतं. मला हसूच आलं. ढिलं हत्यार मी अडतीस वर्षांत कोणाच्या हातात दिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "काका, असं करा, काकूंनाच घेऊन या. त्यांच्या हातात धरून बघू द्या. सोलाणं शेवटी हातावर असतं." मी म्हटलं, तिला कशाला दमवायचं, धारेतलं मला कळतं.

घरी आल्यावर मी त्या पात्याच्या दोन्ही टोकांना हातोडीने हलकेच ठोकून त्याचं डुगडुगणं बंद केलं. शिवाय दोन धारांपैकी एक घासून बोथट केली, उगाच तिचा अंगठा कापायला नको. स्वतः एक गाजर सोलून बघितलं. फर्स्ट क्लास. तिच्या हातात दिलं आणि पुन्हा तेच. साल निघेना, गाजराला नुसते ओरखडे.

तिसरं बेचकीसारखं होतं, दोन फाट्यांमध्ये आडवं पातं. तेही डुगडुगत होतं, तेही मी चिकटवून पक्कं केलं, माझ्या हाताला बसेल अशा कलात. चौथं सगळ्यात भारी, जाड रबरी मुठीचं. त्याचं पातं मुळातच पक्कं होतं आणि धार एकाच कडेला, म्हणून मला ते बघताक्षणी आवडलं. त्याला मी घरी आणून आणखी धार दिली. प्रत्येक वेळी आधी मी चालवून बघायचो, आणि माझ्या हातात ते चालायचं. प्रत्येक वेळी मग ती घ्यायची, आणि तिच्या हातात चालायचं नाही. आता तुम्हीच सांगा, चारचार सोलाणी, सगळी तपासलेली, मग दोष कोणाचा?

मी तिला म्हटलं ते सांगायलाही आता जीभ वळत नाही, पण म्हटलं. "नाचता येईना अंगण वाकडं."

वास्तविक तिने अंगणाला एका शब्दानेही नावं ठेवली नव्हती. ती गप्प बसून बटाट्याचे लचके वाटीत गोळा करत होती. त्या गप्प बसण्याने माझ्या डोक्यात आणखी तिडीक गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात एका सकाळी ती दुधाची पिशवी कात्रीने कापत होती. कात्री पिशवीला चावायची आणि दुमडून घ्यायची, कापायची काही नाही. मी दोन मिनिटं बघितलं आणि तिच्या हातातून कात्री ओढून घेतली. म्हटलं, राहू दे, एवढंही होत नाही तुझ्याच्याने. माझ्या हातात पिशवी एका फटक्यात कापली गेली. तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं आणि आत निघून गेली.

गुरुवारी मी बाहेरून आलो तेव्हा ती फोनवर बोलत होती. मला बघून तिने आवाज खाली केला नाही. म्हणाली, "रविवारी ये न्यायला. मला नाही जमत." मग फोन ठेवून मला विचारलं, चहा करणार का? मी चहा केला. दोघांनी प्यायला. थांब म्हणायला मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा साखर बरोबर आहे का असं विचारलं.

रविवार उजाडला. लेक अकरापर्यंत येणार होती. बायकोने बॅग भरून टेबलाशी असलेल्या माझ्या खुर्चीवर ठेवली होती आणि ती आत आवरत होती. मी म्हटलं, लेक लांबून येतेय, जेवूनच जातील, निदान बटाटे तरी सोलून ठेवू. बॅग उचलून खाली ठेवणं माझ्या जिवावर आलं. का आलं ते माझं मला माहीत. म्हणून मी तिच्या खुर्चीवर बसलो.

तिची खुर्ची भिंतीला लागून आहे, भिंत उजव्या अंगाला. मी जुनं सोलाणं उजव्या हातात धरून ओढलं तर कोपर भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा मी भिंतीला शिवी दिली आणि सोलाणं डाव्या हातात घेतलं.

घसरलं.

पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. जोर लावला, टोक रुतलं आणि बटाट्याचा लचका उडाला. अगदी तिचा उडायचा तसाच. मी सोलाणं डोळ्यांजवळ धरलं. धार फटीच्या ज्या कडेला होती ती कडा उजव्या हाताने ओढलं तर सालीला भिडते. डाव्या हाताने ओढलं की तीच धार हवेत राहते आणि बोथट कडा सालीवरून फिरते. मी रबरी मुठीचं काढलं. तेच. मग मी ठोकून घट्ट केलेलं काढलं. त्याला डाव्या हाताची धार मुळात होती. ती मीच घासून टाकली होती. आणि बेचकी तर दोन्ही हातांना चालली असती, जर तिचं पातं मी माझ्या कलात चिकटवून ठेवलं नसतं.

कारखान्यात डावं हत्यार वेगळं, उजवं वेगळं. कागदावर तसं लिहून यायचं आणि मी झोपेतसुद्धा चुकलो नसतो. हजारो डावी हत्यारं मी या हाताने घासली. घरात कोणी कागद दिला नाही, तर मला सख्ख्या बायकोचा हात दिसला नाही. तिचं अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच महिनाभर बसून वाकडं केलं होतं. मी कपाळावर हात मारला, तो सोलाण्यासकट.

साडेनऊ वाजले होते. मी कानस, पक्कड आणि दगड घेऊन तिथेच बसलो. जुन्या सोलाण्याच्या फटीची दुसरी कडा पक्कडीने किंचित उचलली, कानशीने उतार दिला, दगडावर घासली. चालवून बघितलं, डाव्या हाताने. पहिल्यांदा अडकलं. पुन्हा घासलं. बायको एकदा दारात येऊन बघून गेली. म्हणाली, आता कशाला उगाच. मी कानस चालवत राहिलो.

लेक आली तेव्हा टेबलभर पोलादाचा कीस पडला होता. तिने बॅग बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, बाबा, आजचा दिवस तरी आईला छळू नका. मी बायकोला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, खिळ्यांवर बटाटा खुपसला आणि सोलाणं तिच्या डाव्या हातात दिलं.

"धार उजव्या हाताची होती," मी म्हणालो. "चारही सोलाण्यांची. तुझं काही चुकलं नव्हतं."

तिला ते लगेच कळलं नाही. तिने सवयीने मान खाली घालून, मनाची तयारी करून ओढलं. साल निघाली. पातळ, लांब, टोकापर्यंत न तुटता, आणि टेबलावर पडली. तिने ती उचलून उजेडात धरली. मग दुसरी काढली, तिसरी काढली. बटाटा उलटा केला. संपला तसा दुसरा घेतला. लेक म्हणाली, आई, अगं तिघंच आहोत आपण. ती थांबली नाही. किलोभर बटाटे होते, ते तिने सगळे सोलले, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं बघत उभे होतो.

शेवटच्या बटाट्याला ती म्हणाली, "मला दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं, की धारच लागत नाहीये. पण तुम्ही अडतीस वर्षं धार लावलीत. म्हटलं, तुमची कशी चुकेल? माझाच हात मेला असेल."

मला वाटलं, आता तरी ही मला चार शब्द सुनावेल. सुनावावेत, माझी तयारी होती. तिने काही सुनावलं नाही. लेकीने माझ्या खुर्चीवरची बॅग उचलली आणि आत कपाटाशी नेऊन ठेवली. मी माझ्या खुर्चीवर बसलो. बायकोने साली एका बाजूला केल्या, हात पुसला आणि तिचं लक्ष ओट्यावरच्या दुधाच्या पिशवीकडे गेलं.

"आणि कात्रीचंही असंच असतं का हो?" तिने विचारलं.

"असंच असतं," मी म्हणालो.

कात्रीची पाती उजव्या हाताच्या हिशेबाने एकमेकांवर चढवलेली असतात, हे मला आमचं लग्न ठरण्याच्या आधीपासून माहीत होतं.