घोड्यानंतर मुंग्या, मुंग्यांनंतर बाबा

एक आंधळा घोडा बर्फातून गाडी ओढतो आहे.

मुंग्या. नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या आणि खरखर.

साबणाची जाहिरात, उझबेक भाषेत.

पिवळी साडी नेसलेली बाई बर्फाच्या डोंगरावर नाचते. तिला थंडी वाजत नाही.

पुलावर उभा असलेला खलनायक हात वर करतो आणि म्हणतो, "आज तुझा—"

चिखलाने भरलेला एक बूट.

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, वर लिहिलेलं सगळं माझ्या पोटात आहे आणि त्याच क्रमाने आहे. मुंग्यांपासून बुटापर्यंतची जागा एका माणसाची होती. तिथून त्याला पुसून टाकलं, आणि पुसताना कुणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसावर राग काढून मोकळं होता येतं. चांगल्या माणसांचं काय करायचं?

आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. माझा जन्म कारखान्यात झाला, जसा सगळ्यांचा होतो. पुढे.

मी उत्तरेकडच्या, बर्फाच्या समारा शहरातल्या बाजारात एका दुकानात होते. माझ्यावर आंधळ्या घोड्याचा सिनेमा भरलेला होता. म्हातारा गाडीवान, त्याचा घोडा, आणि शेवटी दोघांपैकी एकच घरी पोचतो. उबायदुल्लोने तो सिनेमा मजुरांच्या राहायच्या डब्यात, इतर वीस जणांच्या खांद्यांवरून पाहिला होता. तो दूर दक्षिणेकडच्या इस्फारा गावचा. तिथे त्याचं घर, जर्दाळूची चार झाडं, बायको मावझुना आणि मुलगी ओइनिसो. तो इथे विटा रचायला आला होता. सिनेमा पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्याने मला विकत घेतलं.

मुकादमाकडे खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा होता, लग्नांची चित्रणं करायला घेतलेला. उबायदुल्लोने तो एका रविवारी मागून आणला. मला त्यात घातलं आणि घोड्याच्या सिनेमाच्या पुढे नेलं. आणखी पुढे नेलं. सोबतच्या माणसाने विचारलं, "अरे, किती पुढे नेतोस?"

"सिनेमाचा शेवट पुसला गेला तर? शेवटच तर चांगला आहे."

म्हणून मध्ये मुंग्या राहिल्या. बऱ्याच मुंग्या. त्यांच्यापुढे अर्धा तास उबायदुल्लो बोलला. त्याने शेगडी दाखवली, फाटके हातमोजे दाखवले, खिडकीतून दिसणारी अर्धवट इमारत दाखवली. "ओइनिसोची आई," तो म्हणाला, कारण आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, "तू बारीक झाली असशील, मला माहीत आहे, खोटं सांगू नकोस." पुढे बरंच काही म्हणाला, जे एकट्या मावझुनासाठी होतं. मग म्हणाला, "ओइनिसो, इकडे ये. टीव्हीला डोकं लाव बघू." आणि स्वतःचं कपाळ कॅमेऱ्याच्या काचेला लावलं.

घरी जाणाऱ्या मजुराबरोबर मी इस्फाराला पोचले, आणि तिथे सहा वर्षांच्या ओइनिसोने टीव्हीला कपाळ लावलं. दर शुक्रवारी लावलं. तिने माझा क्रम पाठ करून टाकला होता. घोड्यानंतर मुंग्या, मुंग्यांनंतर बाबा.

वसंतात उबायदुल्लो परांचीवरून पडला. शवपेटी घरी आली.

मित्रांनो, घरात माणूस गेला की आमच्याकडे टीव्हीवर कापड टाकतात. वर्षभर गाणं नाही, सिनेमा नाही. मी कपाटात आणि टीव्ही चादरीखाली. ओइनिसो रोज येऊन चादरीच्या टोकाला हात लावायची आणि आई दिसली की काढून घ्यायची. मावझुना म्हणायची, "वर्ष सरू दे. मग बघू. बाबा कुठे पळून जात नाहीत."

मला इथे ओरडावंसं वाटतं. जातात! पळून जातात!

शेजारी शराफत राहायची. मोठा आवाज, सोन्याचे दोन दात, आणि सिनेमात रडण्याची दांडगी हौस. तिच्याकडे टीव्हीवरचं भरून घेणारं यंत्र होतं, मावझुनाच्या घरच्या यंत्रावर कॅसेट नुसती लावता यायची. हिवाळ्यात ती एकदा कुंपणावरून म्हणाली, "मावझुना-जान, तुमच्याकडे त्या घोड्याच्या सिनेमाची कॅसेट आहे म्हणे? पडूनच आहे ना ती? दे की एका दिवसासाठी. वीज सध्या फक्त संध्याकाळची येते, तेवढ्यात बघून टाकते."

मावझुनाने मला दिलं. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: आपा, पुढे माझा नवरा आहे. ती नाही बोलली. तो तिच्याशी जे बोलला होता ते शेजारणीने ऐकावं, असं तिला वाटत नव्हतं. सिनेमा संपला की आपा बंद करतील, असं तिने गृहीत धरलं. लाजेपायी एक वाक्य गिळलं.

आता आमच्या गल्लीची रीत ऐका. कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. ताटातून सांबुसे आले, तर त्याच ताटातून सुके जर्दाळू जातात, नाहीतर दोन रोट्या, नाहीतर निदान मूठभर बेदाणे. रिकामं ताट परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. कॅसेटी आल्या तेव्हा ही रीत कॅसेटींनाही लागू झाली. सिनेमा बघून कॅसेट परत करायची, तर शेवटी उरलेल्या जागेत काहीतरी आवडलेलं भरून द्यायचं. कुणी गाणी भरायचं, कुणी कुस्ती. अख्खी गल्ली एकमेकांना सांगत होती, हे बघ, तेही बघ. सगळे याचं कौतुक करायचे. मीही करायचे. मूर्ख होते.

शराफतने घोड्याचा सिनेमा पाहिला आणि पोटभर रडली. मग मुंग्या आल्या. ती नवऱ्याला म्हणाली, "बघा, अर्ध्याहून जास्त कोरी आहे."

"मग?"

"मग काय? विधवेची कॅसेट रिकामी कशी परत करू? लाज नाही वाटायची? टीव्हीवर हिंदी सिनेमा लागतोय, तो भरते. वर्ष सरल्यावर पोरगी तेवढीच हसेल."

यंत्राचं लाल बटण तिने दाबलं. फीत पुसणारं हेड माझ्यावरून फिरलं. मला हात नाहीत, मित्रांनो. मी फक्त सरकत राहिले. शेगडी गेली. हातमोजे गेले. जे एकट्या मावझुनासाठी होतं ते साडीतल्या बाईखाली गेलं. काचेवर टेकलेलं कपाळ गेलं. मग अचानक वीज गेली, आणि खलनायक पुलावर उभा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी शराफतने मला गरम सांबुशांच्या ताटात, कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून परत आणलं. "शेवटी काय आहे ते आत्ता सांगणार नाही," ती म्हणाली. "वर्ष सरलं की बघ."

वर्ष सरलं. दुआ झाली, पुलाव झाला, चादर काढली. खोली बायकांनी भरलेली. ओइनिसो सकाळपासून टीव्हीसमोर हलली नव्हती. घोडा सगळ्यांनी पाहिला. मुंग्या आल्या. ओइनिसो उठली आणि टीव्हीला कपाळ लावून उभी राहिली.

साबणाची जाहिरात लागली.

"सरक गं पोरी, दिसू दे!" शराफत टाळ्या वाजवत म्हणाली. "हाच तो! अर्धाच आहे हं, वीज मेली मधेच गेली. पण काय नाचलीये, बघा तरी!"

ओइनिसो किंचाळली. मावझुनाने तिचा दंड असा दाबला की बोटं उमटली. मग ती वळली, शराफतचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आपा, किती आठवणीने केलंत. खूप उपकार झाले."

उपकार!

बायका जेवायला बाहेर गेल्या. मुलगी हलली नाही. तिला वाटत होतं, ही बाई नाचून दमली की बाबा येतील. खलनायक पुलावर आला. "आज तुझा—" आणि चित्र फाटलं, थरथरलं, आणि उबायदुल्लोचा आवाज आला:

"...तुम्हीच बघत बसू नका. शराफतलाही द्या, तिला सिनेमात रडायला आवडतं. बरं, बंद कर रे आता. झालं? बंद झालं?"

कॅमेरा खाली वळला. चिखलाचा बूट. संपलं.

दारात मावझुना उभी होती. ती म्हणाली, "ऐकलंस? त्यांनीच सांगितलं होतं द्यायला. आता यावर बोलायचं नाही. तिने प्रेमाने दिलंय."

आणि त्या मायलेकी यावर तीस वर्षं बोलल्या नाहीत. शराफतच्या घरून ताटं आली, इथून ताटं गेली, एकही रिकामं नाही. मावझुना मरेपर्यंत बोलली नाही. मी कपाटावर, विणलेल्या रुमालाखाली, धूळ खात आणि राग गिळत.

गेल्या शरदात ओइनिसोच्या घरी गश्तक होती. महिन्यातून एकदा गल्लीतल्या बायका एकीच्या घरी जमतात, खातात, गातात, उखाळ्यापाखाळ्या काढतात. बोलणं सिनेमांवर आलं. ही तुर्की मालिका बघ, नको ती लांबण लावते, ती डॉक्टरणीची बघ. म्हातारी शराफत गादीवर ऐसपैस बसली होती.

"तुमच्या मालिका घाला चुलीत," ती म्हणाली. "दिवस आमचे होते. एक कॅसेट अख्ख्या गल्लीतून फिरायची. मी मावझुनाला केवढा छान हिंदी सिनेमा भरून दिला होता! आठवतो ना, ओइनिसो-जान?"

ओइनिसोची मुलगी मोहिरा फोन धरून हसत होती. "आजी, इकडे बघा. तुमच्यावर जुन्या कॅसेटचा इफेक्ट लावलाय." फोनमध्ये शराफतच्या तोंडावरून आडव्या रेघा सरकत होत्या. कोपऱ्यात खोटी तारीख. सगळ्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड!"

त्या रेघा गोड नाहीत. त्या माझ्या जखमा आहेत. जिथे फीत चुरगळली, जिथे एकावर एक भरलं, तिथे त्या रेघा येतात. आणि तुम्ही त्या धडधाकट चेहऱ्यावर दागिन्यासारख्या घालता?

ओइनिसो उठली. तिने मला कपाटावरून काढलं आणि रोट्यांच्या मधोमध आपटलं. चहा सांडला.

"आठवतो, मावशी. तो सिनेमा तुम्ही माझ्या बाबांवर भरलात."

"काय बोलतेस?"

"घोड्यानंतर मुंग्या होत्या. मुंग्यांनंतर बाबा होते. अर्धा तास होते. तुम्ही पुसलेत."

शराफतने पेला खाली ठेवला. तो नीट बसला नाही, कलंडला. कुणी उचलला नाही.

"आणि हे मला आज सांगतेस?"

"आईने बोलू दिलं नाही."

"तुझ्या आईने माझे हात धरून आभार मानले होते! मी तीस वर्षं तो किस्सा सांगत मिरवतेय, लग्नांत, बारशांत, आणि तुम्ही मायलेकी समोर बसून मला चहा ओतत होतात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटायलाच हवं होतं!" शराफतचा आवाज फाटला. "ते माझं होतं. माझं वाईट वाटणं तुम्ही कोण ठेवून घेणाऱ्या? मी तेव्हाच पाया पडले असते. समाराला गेले असते, त्या मुकादमाला शोधलं असतं, दुसरी प्रत आहे का विचारलं असतं. आता कुठे जाऊ या गुडघ्यांनी?"

ओइनिसोने सांडलेल्या चहातून मला उचललं. ती म्हणाली, "तुमचं नाव घेतलं होतं बाबांनी. तेवढंच उरलंय."

"लाव."

ट्रंकेतलं जुनं यंत्र निघालं. मोहिराने फोन उचलला, ओइनिसो म्हणाली, "ठेव तो," आणि तिने ठेवला. खलनायक. पूल. फाटलेलं चित्र. उबायदुल्लो म्हणाला, शराफतलाही द्या, तिला सिनेमात रडायला आवडतं.

शराफत टीव्हीकडे बघून म्हणाली, "उबायदुल्लो, मेल्या, एवढं तरी सांगायचंस की पुढे तू आहेस."

ती रडली नाही. तिने ते परत लावायला सांगितलं, आणि परत. तिसऱ्यांदा फीत चावली गेली. बूट आता अर्धाच दिसतो.

मित्रांनो, आता तुम्ही उपदेशाची वाट बघत असाल. घ्या. माझ्या पाठीच्या डाव्या टोकाला प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी आहे. ती मोडली की माझ्यावर कुणालाही काही भरता येत नाही, कितीही प्रेमाने भरायचं म्हटलं तरी. शराफतने त्या दिवशी सुरीच्या टोकाने ती मोडली. उशिरा. जे जपायचं आहे, त्याची अशी पट्टी आधी मोडा, आणि शेजारीण कुंपणावरून मागायला आली की लाजू नका, तोंड उघडा. मुंग्या दिसल्या म्हणजे संपलं असं समजू नका. पुढे नेऊन बघा. आणि कुणी तुमचं काही पुसलं तर त्याला सांगा, त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर. आभार मानू नका.

उबायदुल्लोने मला विकत घेतलं, तेव्हा त्या दुकानात कोऱ्या कॅसेटीही होत्या; पण त्याला घोडाही घरच्यांना दाखवायचा होता.