कब्रस्तानातली बरणी

रझियाचं डोकं फिरलं होतं, आणि ते फिरायलाच हवं होतं. टाके सुकल्यावर ती रत्नागिरीत महिन्यातून एकदा येणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंकडे आली होती. बाईंनी साधंच विचारलं, "स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट कुठाय?" कुवेतहून खास रजा काढून आलेला तिचा नवरा जमाल खाली मान घालून म्हणाला, "तपासलं नाही. दफन केलं."

झालं होतं ते असं. ऑपरेशननंतर तालुक्याच्या इस्पितळातल्या सर्जनने जमालच्या हातात बरणी दिली, "लॅबला पोचवा" म्हणाला आणि जेवायला निघून गेला. कशासाठी, ते सांगायला त्याचं तोंड झिजलं असतं. जमालने बरणीत पाहिलं. बायकोच्या अंगाचा तुकडा परक्यांच्या सुरीखाली कसा द्यायचा? आपल्यात कापलेलं अंग मातीत जातं, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून, भावकीतल्या चौघांना घेऊन त्याने ते कब्रस्तानात पुरलं. रझियाला विचारायचं तेवढं राहिलं. ती बिचारी कुठे पळून जात होती?

"किती गाठींत रोग होता, कुठली गोळी लागू पडेल, सगळं त्यातून कळलं असतं," बाई म्हणाल्या. "तपासून झाल्यावर पुरायला परत मागता आलं असतं."

"मला वाटलं, तुझी अब्रू राखली," जमाल पुटपुटला.

"अब्रू राखलीत. आता मला राखा," रझिया म्हणाली. "चौघांना विचारलंत. ज्या बाईचं अंग, ती पलीकडच्या खाटेवर जागी होती."

बाईंनी रझियाला तपासायला घेतलं.

बाईंची बोटं तिच्या गळ्याच्या हाडापाशी थांबली. तिथे नवी गाठ होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

"हिचा नमुना घेऊ," बाई म्हणाल्या. "पण इथवर आलंय, म्हणजे रोग पुढे सरकलाय. खोटं सांगणार नाही. काही जणी गोळ्यांवर वर्षानुवर्षं काढतात, काहींना त्या लागूच पडत नाहीत. तुमचं काय, ते यातून कळेल."

जे आधीच कळलं असतं, ते कळायला रोगाला आणखी वाढावं लागलं. रझियाला त्या सर्जनच्या जेवणाचा डबा त्याच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला.

दुपारी नमुन्याची बाटली बाहेर आली. जमालने सवयीने हात पुढे केला. रझियाने तो बाजूला सारला, बाटली पदराखाली छातीच्या सपाट बाजूशी धरली आणि स्वतः रस्ता ओलांडून लॅबच्या खिडकीपाशी उभी राहिली.

"पेशंट कुठाय?" आतल्या माणसाने विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "आणि रिपोर्ट माझ्याच हातात द्यायचा."