व्हय म्हाराजा

“हिच्या अंगात जा काय आसात, ता भायर काढ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तुळशीपुढे जमलेली सगळी एका सुरात म्हणाली आणि अवनीने कानांवर हात ठेवले. शुभदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाऱ्हाणं हिच्यासाठी, आणि हिलाच ते ऐकवेना.

बावीस वर्षांची लेक. काजूच्या कारखान्यात नुसत्या बोटांनी गराची प्रत ओळखायची. गेल्या आठवड्यात तिथे नवं यंत्र बसलं आणि ही पाटी तशीच टाकून चालत घरी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार नाही. स्वमग्नतेच्या छटा आहेत, जन्मापासूनच्या; हिला आवाज आपल्यापेक्षा जास्त टोचतो. आजार नाही, म्हणजे औषधही नाही. मग आईने करायचं काय? शुभदाचं डोकं चालेना, म्हणून तिने मंगेशभावजींना देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला बोलावलं होतं.

“हिका चार पोरींसारखी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मंगेशभावजी थांबले. “अवनी, तू पण म्हण गो.”

“नाय.”

“कित्याक?”

“माका तसा होवचा नाय. व्हय म्हटलंय आणि देवान ऐकल्यान तर?”

भावजींच्या हातात नारळ तसाच राहिला. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही. शुभदा कशीबशी म्हणाली, “मगे काय मागूचा, तूच सांग.”

अवनीने बराच विचार केला. “सकाळी मिक्सर लावच्या आदी माका सांगूचा.”

“एवढ्याक देव कित्याक व्हयो?” भावजी करवादले. पण नारळ उचलून म्हणालेच, “बा देवा म्हाराजा, मिक्सर लावच्या आदी सांगूची बुद्धी हिच्या आवशीक दी रे म्हाराजा!”

कुणीतरी फिसकन हसलं. शुभदाला मात्र रोजची सकाळ आठवली. भिंतीपलीकडे लेक उशी डोक्यावर दाबून पडलेली, आणि आपण तिला आळशी म्हणून बोलतोय. तिला रडूच आलं.

“व्हय म्हाराजा,” ती एकटीच हळू म्हणाली.

कामाचं पुढे काय, ते कुणालाच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नारळाचं वाटण करायचं होतं. मिक्सरच्या बटणावर बोट ठेवून शुभदा थांबली. आपल्याच स्वयंपाकघरात परवानगी मागायची म्हणजे तिला कसंसंच वाटलं.

“अवनी, लावतंय हां गो.”

 आतून खाट कुरकुरली. अवनीला थट्टा करता येत नसे. जे म्हणायची ते मनापासून.

“व्हय म्हाराजा.”