भोपळ्याची सोळा पानं

"दोन चीजच्या, एक पालकाची. झालं. पुढे कोण?"

पुढे मीच होते. नेवेनाने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता चीजची एक बानित्सा, आमच्याकडची पापुद्र्यांची भाजलेली गुंडाळी, कागदात बांधायला घेतली. अकरा वर्षं मी रोज सकाळी तिच्या दुकानातून हीच गरम बानित्सा नेते, आणि अकरा वर्षांत ती माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोललेली नाही. त्या दिवशी मात्र मला बोलायचं होतं. शाळांना सुट्टी लागून तीन दिवस झाले होते.

"दाराला पाठव की वाचनगृहात," मी म्हटलं. "सोमवारपासून सुट्टीचं वाचन सुरू होतंय."

दारा म्हणजे तिची मुलगी. वय वर्षं नऊ. काउंटरमागे मैद्याच्या पोत्यावर बसून ती पुड्यांसाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होती. घालत होती म्हणायचं एवढंच, कारण प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय ती त्याला दुमडत नव्हती. शाळा चालू होती तेव्हापासून, महिनाभर रोज सकाळी मी हे बघत होते. असं मूल आमच्या गावात आता दहा वर्षांतून एखादं निघतं. मला ते हवं होतं. हावरटासारखं हवं होतं.

"तिला नाही जमायचं, बाई."

"अगं, जमतंय की! बघ तरी, पेपर सोडत नाहीये."

"आमच्या घरात पुस्तकं सोसत नाहीत," नेवेना म्हणाली. "अंगावर पुरळ उठतं."

रांगेत हशा पिकला. मागून म्हातारे दिमोकाका ओरडले, "मला पण उठतं गं! बायकोनं दिव्याचं बिल वाचायला दिलं की लगेच!"

"पुढे कोण?" नेवेना म्हणाली, आणि मी बाजूला झाले.

पुरळ का उठतं ते मला माहीत होतं. निदान माहीत आहे असं वाटत होतं.

डॅन्यूबकाठच्या या गावात मी छत्तीस वर्षं वाचनगृह सांभाळते आहे. वर नाटकाचा हॉल, खाली पुस्तकं. जूनमध्ये शाळा मुलांच्या हातात पुस्तकांची यादी आणि एक वही देते. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल मुलाने वहीत लिहायचं, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, चौदा सप्टेंबरला, मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर वह्या तपासून शिक्के मारायचे. ज्याची सगळ्यात जास्त पुस्तकं, त्याला दिवसभराची बोटीची सहल. आता आया वह्या लिहून देतात, तेव्हा थोरली भावंडं लिहायची. म्हणून मी एक युक्ती काढली होती. वहीतलं एक पुस्तक निवडायचं आणि त्यातला एकच प्रश्न विचारायचा: त्यांनी काय खाल्लं? ज्याने पुस्तक वाचलं आहे त्याला जेवण आठवतंच. ज्याने नक्कल केली आहे तो बावचळतो. उत्तर चुकलं की अख्खी वही बाद. या युक्तीचा मला फार अभिमान होता. शेजारच्या गावातल्या वाचनगृहांच्या बाया ती माझ्याकडून शिकून गेल्या.

नेवेना दहा वर्षांची असताना तिने वहीत बावीस पुस्तकं लिहिली होती. तिच्या खालोखालच्या मुलाची अकरा. आई-बाप परदेशात कामाला, मुलगी आजीजवळ. आजी त्या दिवशी नवा रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसली होती. बावीस म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकलीच. मी 'नावाड्याची मुलगी' हे पुस्तक निवडलं.

"महापुरात घर वेढलं गेलं, तेव्हा त्यांनी काय खाल्लं?"

"काही नाही, बाई. उपाशी होते."

"नीट आठव."

"उपाशीच होते. भांडं रिकामं होतं."

पुस्तकात भोपळा आहे. चांगली सोळा पानं भोपळ्याची आहेत: आई तो चिरते, शिजवते, पोरं भांडतात. ती मी कितीदा वाचली होती. मी वही उघडून तिचा परिच्छेद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला: "आईने झाकण उचललं. आत काही नव्हतं. मुलांना कळू नये म्हणून ती रिकाम्या भांड्यात पळी फिरवत राहिली. त्या आवाजावर मुलं झोपली." मग मी विचारलं, "काय होतं भांड्यात?" आणि अख्खा हॉल ओरडला, "भोपळा!"

मी एवढ्यावर थांबले नाही. वाचल्याचं सोंग करणारी मुलगी न वाचणाऱ्यापेक्षा वाईट, असं मी म्हटलं. आजी उठली, मुलीचा हात धरला आणि निघून गेली. वही माझ्याकडेच राहिली. नेवेना पुन्हा वाचनगृहात आली नाही.

आणि ती वही मी ठेवली. दर वर्षी सुट्टीच्या वाचनाच्या पहिल्या दिवशी ती मुलांना दाखवायची, नाव बोटाने झाकून. तो परिच्छेद वाचायचा. मुलं हसायची, "भोपळा!" म्हणून ओरडायची. हा सुट्टीतला पहिला खेळच झाला होता. अठ्ठावीस वर्षं. नाव झाकून काय उपयोग, गाव ते केवढंसं!

नेवेनाने नाही म्हटलं त्याच आठवड्यात नगरपालिकेचं पत्र आलं: जुनी, कोणी नेत नाही अशी पुस्तकं काढून टाका, रद्दीची गाडी शुक्रवारी येईल. गुरुवारी मी खालच्या कपाटाशी स्टूल ओढून बसले. 'नावाड्याची मुलगी'च्या दोन प्रती होत्या. एक सगळी मुलं न्यायची, तिची पार चाळण झाली होती. दुसरी जवळजवळ कोरी. आतल्या कार्डावर शेवटचं नाव नेवेनाचं, त्या वर्षीच्या दोन ऑगस्टचं.

टाकण्याआधी मी सवयीने पानं चाळली. पान चौसष्टवर शेवटची ओळ होती: "आईने झाकण उचललं". शेजारचं पान होतं एक्याऐंशी. "सकाळी पाणी ओसरलं."

मी पुन्हा बघितलं. कुठे फाटल्याची खूण नाही, उरलेली कड नाही, शिवण सरळ. छापखान्यातच सोळा पानांचा एक फॉर्म, एकत्र दुमडलेला अख्खा गठ्ठा, शिवायचा राहून गेला होता. या प्रतीत भोपळा नव्हताच. त्या मुलीने झाकण उचललेलं वाचलं, आणि शेजारच्याच पानावर सकाळ झाली होती. मधला वेळ तिने स्वतः भरून काढला.

मला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, आणि तो काढायला दुसरं कोणी समोर नव्हतं.

दुपारी तीनला दुकानात गिऱ्हाईक नसतं. नेवेना तासणीने ओटा खरवडत होती. मी पुस्तक आणि वही तिच्यासमोर ठेवली. वहीत मी बावीस शिक्के मारून आणले होते.

तिने हात पुसले. आधी दाराला म्हणाली, "जा, मागचे ट्रे धू." मग पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"चौसष्ट आणि एक्याऐंशी," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मीच वाचलं होतं ना, बाई."

"मग तेव्हा तोंड उघडून सांगायचं नाही का?"

"तुमच्या दारावर पाटी होती. 'पान फाडणाऱ्याचं कार्ड कायमचं बंद.' कोणाच्या अक्षरात होती?"

माझ्याच अक्षरात होती. लाल शाईत.

"मला वाटलं, माझ्याच हातून कुठं तरी पडली पानं," ती म्हणाली. "पलंगाखाली शोधली. आजीनं कोंबड्यांच्या खुराड्यात शोधली, पेंढ्यात हात घालून. बिचारीला वाचता पण येत नव्हतं. मला म्हणाली, गप राहा, बाईंना कळलं तर पुस्तकं बंद होतील तुझी. म्हणून गप राहिले."

"माझं चुकलं, नेवेना."

"हं."

"मी मुद्दाम नाही…"

"भांड्यात होतं काय नक्की? भोपळा?"

"उकडलेला भोपळा. मीठ घातलेला."

"बस? त्याला सोळा पानं?" ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "माझं बरं होतं."

बरं होतंच. अठ्ठावीस वर्षं मी ते दरवर्षी मोठ्याने वाचत आले होते आणि एकदाही माझ्या कानांत शिरलं नव्हतं. मी तसं तिला सांगितलं. तिने वही उघडून शिक्क्यांवरून बोट फिरवलं. ताजी शाई बोटाला लागली, ती तिने ॲप्रनला पुसली.

"याचं आता मी काय करू, बाई? बोटीत बसू?"

मी वही मिटायला हात पुढे केला.

"शाळेतली पोरं अजून दुकानाच्या दारात 'भोपळा' म्हणून ओरडतात आणि पळतात. का म्हणतात ते त्यांना माहीत असतं. दारा मला विचारते, आई, तू काय केलं होतंस?" तिने वही माझ्याकडे परत सरकवली. "सोमवारी वाचणार ना हे? वाचा. पण माझं नाव घेऊन. आणि हे पुस्तक पण दाखवा, पानांच्या आकड्यांसकट."

"वाचते. आणि दारा? तिला पाठवशील?"

"तिला वाचता येतं, बाई. तुमच्यापुढे उभं राहून ते सिद्ध करायला मी नाही पाठवणार."

मागच्या बाजूला नळ चालू होता. ट्रे धुतल्याचा आवाज मात्र येत नव्हता. दारा ऐकत असणार.

सोमवारी सात मुलं आली. पूर्वी साठ यायची. मी वही उघडली, नाव मोठ्याने वाचलं, नेवेना स्तोइलोवा, इयत्ता चौथी. परिच्छेद वाचला. मागून एका पोराने सवयीने "भोप…" म्हटलं आणि माझं तोंड बघून गप्प झालं. मग मी पुस्तक उघडून सातही जणांच्या हातात दिलं. चौसष्ट, एक्याऐंशी. लाल पाटीचंही सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग तुम्ही तेव्हा पुस्तक उघडून का नाही बघितलं?"

मी म्हटलं, "मला वाटलं, मला माहीत आहे."

दरवाजाकडे मी दोनदा बघितलं. कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दिमोकाका, त्यांच्यापुढे शाळेचा शिपाई. मैद्याच्या पोत्यावर दारा पेपर वाचत होती. माझी पाळी आली तसा नेवेनाने चीजची बानित्सा कागदात ठेवली आणि मान वर न करता विचारलं, "वाचलं?"

"वाचलं."

"हसली पोरं?"

"नाही."

तिने कागदाची टोकं दुमडली, एक, मग दुसरं, आणि पुडी माझ्या हातात दिली.

"पूर्वी हसायची," ती म्हणाली. "पुढे कोण?"