लिअँडर टिझर्डचं बोट

बोट पुढे करा, म्हणजे माझी ओळख पटेल. दवाखान्यात तुमच्या बोटाला लावतात ना, ती छोटी निळी चिमटी, तीच मी. माझ्या पोटात एक लाल दिवा आहे. त्याचा उजेड तुमच्या नखातून आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू किती आहे, ते मी आकड्यात सांगते. आकडा शंभराच्या जवळ असला की लोक हसतात. नव्वदच्या खाली गेला की धावपळ सुरू होते. याहून जास्त मला काही येत नाही. पण एका हिवाळ्यात एवढंच उपयोगी पडलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका तपासनीस बाईंनी स्वतःची करंगळी माझ्यात घातली, मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. माणसाची ऊब मला पहिल्यांदा कळली ती तेव्हा. त्या बाईंचं नावही मला ठाऊक नाही, पण मनातल्या मनात मी अजून त्यांचे आभार मानते.

खोकं उघडलं ते न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, टर्न हार्बरच्या छोट्या इस्पितळात. तिथल्या तातडीच्या विभागात डल्सी पार्डी नावाची परिचारिका होती. तिने लोकरीची एक दोरी विणली आणि मला गळ्यात अडकवलं. तेव्हापासून मी तिच्याबरोबर खाटेखाटेला फिरू लागले.

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण बोटं मी पुष्कळ पाहिली. मासेमारांची नखं जाड, खारवलेली. लग्नघरातून आलेल्या मुलींच्या नखांवर रंग, मग डल्सी कुरकुरत तो पुसायची. काही जण कुठलं बोट द्यावं हेच विचारत बसायचे. म्हाताऱ्या बायका अंगठी काढू लागायच्या आणि डल्सी म्हणायची, "राहू दे गं मावशी, मी काही लग्न मोडायला आले नाही!"

त्या हिवाळ्यात गावभर खोकला होता. बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नसायची. दरवर्षीसारखाच फ्लू, असं सगळे म्हणत होते. अशाच एका सकाळी लिअँडर टिझर्ड आला. आला कसला, बायकोने आणला. धिप्पाड मासेमार, आवाज असा की धक्क्यावरून बोलला तर बेटापलीकडे ऐकू जावा.

"मला काही झालेलं नाही, डल्सी. हिला घरात गप्प बसवत नाही म्हणून आलो."

"खोटं बोलतोय," त्याची बायको एफी म्हणाली. "जिना चढताना मधेच बसतो. डोळे बघ त्याचे, कांदा चिरल्यासारखे लाल झालेत."

डल्सीने मला त्याच्या बोटाला लावलं. बोट गार होतं. मी आकडा दाखवला. ब्याऐंशी.

"ही चिमटी बिघडली वाटतं," डल्सी म्हणाली. तिचा तरी काय दोष? एवढा आकडा उतरलेला माणूस धापा टाकतो, निळा पडतो. हा तर हसत होता. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरून चोळला, गरम केला, दुसरं बोट घेतलं. ब्याऐंशीच. मग तिने मला स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा त्याच्या बोटाला लावलं, आणि तिचा हात थांबला.

मला फेकून दुसरी चिमटी आणणं सोपं होतं. तिने तसं केलं नाही. तिने वळून हाक मारली, "उना, इकडे ये. लगेच."

डॉक्टर उना फीहन आली. छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसं पांढरी झाली होती, खाडीवर धुकं बसावं तशी. फ्लूची तपासणी केली, तर निकाल विचित्र आला. फ्लू आहे, पण नेहमीच्या प्रकारांपैकी एकही नाही. शहरातल्या प्रयोगशाळेला फोन लावला. ते म्हणाले, नमुना नीट घेतला गेला नसेल, पुन्हा पाठवा.

"पाठवते," उना म्हणाली. फोन ठेवून ती डल्सीकडे वळली. "पण तोवर ह्याला टोकाच्या खोलीत ने. दार बंद. आत जाणाऱ्याने मास्क, चष्मा, झगा, सगळं घालायचं. नमुना चुकला असेल तर आपलं हसं होईल, एवढंच."

हसं झालंच. बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "लिअँडरला चंद्रावर पाठवताय का गं?"

दुसऱ्या दिवशी सेलिना जेन्स आली. सत्तरीची, विधवा, खाडीच्या पलीकडच्या बाजूला एकटी राहणारी. टिझर्डांशी तिचं नातं नाही, दोघांचं चर्चही वेगळं. पण डोळे तसेच लाल, आणि तिच्या बोटाला मी शहाऐंशी दाखवले.

उनाने दोघांच्या छातीचे फोटो उजेडावर शेजारीशेजारी लावले आणि ती बराच वेळ बघत राहिली. मग सेलिनाजवळ बसली. "सेलिनामावशी, गेल्या आठवड्यात काय काय केलंस? कुठे गेलीस, काय शिवलंस, सगळं सांग."

"मी कुठे जाणार, बाळा? पक्ष्यांची पिसं उपटत बसले होते. लिअँडरने टर आणून टाकले होते पोतंभर."

टर म्हणजे आमच्याकडचा काळा-पांढरा समुद्रपक्षी. हिवाळ्यात बोटीतून त्याची शिकार होते. मग तो मसाला भरून भाजतात, वर रस्सा ओततात. पिसं उपटायचं किचकट काम सेलिनाकडे यायचं. दोन पक्षी ठेवून घ्यायचे आणि बाकीचे साफ करून द्यायचे, असा तिचा रिवाज होता.

उना तशीच लिअँडरच्या खोलीत गेली. मीही डल्सीच्या गळ्यात होते. प्राणवायूच्या मुखवट्यातून त्याचा आवाज आता बारीक येत होता.

"पक्षी कसे होते, लिअँडर?"

"सोपे," तो म्हणाला. "आयुष्यात एवढे सोपे मिळाले नव्हते. होडी जवळ नेली तरी उडत नव्हते. काही तर माना वाकड्या करून तिथल्या तिथे फिरत होते. मला वाटलं, देवानेच ताटात वाढलंय."

"आजारी होते ते पक्षी," उना पुटपुटली. डल्सीचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मला झग्याच्या आतून कळत होतं.

एफी दाराबाहेर उभी होती. शनिवारी चर्चच्या सभागृहात टरचं मोठं जेवण होतं आणि ते तीच करवणार होती. अख्खं गाव येणार होतं. त्याच शिकारीतले बाकीचे पक्षी घरोघरच्या फ्रीजरमध्ये पडले होते, शुक्रवारी बायका जमून ते साफ करणार होत्या.

"ते थांबव, एफी," उना म्हणाली.

"तुला खात्री आहे?"

"नाही. खात्री होईपर्यंत थांबले तर तुमचं जेवण होऊन गेलेलं असेल. शिजलेल्या मांसाची मला तेवढी भीती नाही. भीती आहे ती त्या आधीची. एवढ्या बायका उघड्या हातांनी पिसं उपटतील, आतडी काढतील, त्याची."

गावातल्या बायका काय म्हणतील, हे एफीला माहीत होतं. मग तिने नाक पुसलं. "फोन दे इकडे. तुझं कुणी ऐकणार नाही. मला सगळे घाबरतात."

लिअँडरला शहरात न्यायला हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा ती फोनवर होती. बसायला एकच जागा होती आणि ती शहरातून आलेल्या डॉक्टरची होती. एका हातात फोन धरून तिने दुसऱ्या हाताने नवऱ्याचा पाय दाबला. "जा रे माझ्या राजा, मी रस्त्याने येते," असं त्याला म्हणाली आणि त्याच श्वासात फोनमध्ये, "नाही गं, पिशवीला हातसुद्धा लावू नकोस. मुलांना खोलीबाहेर काढ आणि फ्रीजरला कुलूप लाव!"

त्या फोनांमुळे ज्यांनी पक्षी हाताळले होते ते वेळेवर इस्पितळात आले. चारपाच जणांचे डोळे लाल झाले होते. त्यांना लगेच औषध मिळालं आणि ते घरी गेले. डल्सीलाही धरलं त्या तापाने. लिअँडर आला त्या सकाळी तिच्या तोंडावर मास्क नव्हता ना. ती स्वतःहून टोकाच्या खोलीत गेली आणि मला बोटाला लावून झोपली. माझा आकडा एक्याण्णवापर्यंत उतरला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलता आलं असतं तर! पण मी खरं तेच दाखवलं. तिनेही खरं तेच उनाला सांगितलं. हळूहळू आकडा चढला. सेलिनाही वाचली.

शहरातून निकाल आला. पक्ष्यांमधला फ्लू होता तो, आमच्या किनाऱ्यावर माणसात कधी न सापडलेला. उनाने कागद वाचला आणि ती खुर्चीत बसून रडली.

लिअँडर परत आला नाही. शेवटी एफी त्याच्या उशाशी होती. अंत्यविधीनंतर ती इस्पितळात आली. गुळाचा पाव भाजून आणला होता, अजून गरम होता. तो तिने डल्सीच्या हातात दिला.

"तू त्याचा हात चोळलास," एफी म्हणाली. "गरम केलास. मी बघत होते. बाकीचं राहू दे, पाव खा."

पुढे नवी यंत्रं आली, माझी बिजागरी सैल झाली. उनाने मला चिकटपट्टी लावली आणि सेलिनाला देऊन टाकलं, कारण तिच्या फुप्फुसात पूर्वीची ताकद राहिली नव्हती. आता मी तिच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी असते. एफी तिच्याकडे येते. सुरुवातीला दोघी एकमेकींना टाळायच्या. सेलिनाने निरोप धाडला होता, "ते पक्षी मी आनंदाने घेतले होते, तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ?" त्यावर एफी स्वतःच दार लोटून आत आली. "मीही आनंदानेच मसाला कुटत होते, बाई. चहा टाक."

परवा एफी खोकत आली. साधी सर्दी, पण बसण्याआधीच तिने बोट पुढे केलं. "लावून बघ गं एकदा," ती हळूच म्हणाली. सेलिनाने तिचा हात आपल्या हातांत घेतला, चोळून चोळून ऊब आणली आणि मग मला लावलं.

मंडळी, मी म्हातारी झाले, फार दिवस चालेन असं नाही. तुमच्याकडे कधी कुणी बोट मागितलं तर द्या. काय खाल्लं, काय शिवलं असं विचारलं तर न लाजता सांगा. ज्यांनी मला आपले हात दिले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

एफीच्या बोटावर मी सत्त्याण्णव दाखवले. दोघी एकमेकींकडे बघून आधी हसल्या, मग रडल्या. हात मात्र सेलिनाने बराच वेळ सोडला नाही.