होळकरची पट्टी

निशिकांतदादांच्या सिंगापुरातल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, इथे घराघरांत असतो तशा बॉम्ब शेल्टरच्या लोखंडी दाराला खिळा ठोकायची परवानगी नाही, म्हणून त्यावरची सगळी नावं चिकटपट्टीने लावलेली आहेत. आत तांदळाचं पोतं, सुटकेसेस आणि आकाशकंदील; बाहेर दारावर एकोणीस खेळाडू. सगळे अमेरिकन फुटबॉलचे, एकाच क्लबचे. रेडवुड्स.

निशिकांतदादा आणि प्रबोध भाऊजी नोकरीनिमित्त आठ वर्षं अमेरिकेत, त्या क्लबच्या गावात राहिले होते. तिथून सिंगापूरला येताना दोघांनी फर्निचर विकलं, गाड्या विकल्या, पण क्लब बरोबर आणला. इथे विवेक त्यांच्यात आला. तो इथेच जन्मलेला, त्याने ते गाव नकाशावर सोडून कुठेच पाहिलेलं नाही. मग प्रबोध भाऊजींच्या ऑफिसात माझा नवरा सारंग आला आणि त्यालाही लागण झाली. अशी चार घरं.

चार घरांचे नियम मात्र एखाद्या सोसायटीला लाजवतील असे. क्लबात नवा खेळाडू आला की चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या घराची चिठ्ठी निघेल ते घर त्याचं पालक. तो क्लब सोडून गेला की निरोपाची सभा. दारावरची त्याची पट्टी काढून ताटात ठेवायची, पालकाने त्याची बाजू मांडायची, बाकीच्यांनी वाभाडे काढायचे, मग मत. घराला एक मत, पालकाला मत नाही. बहुमत मिळालं तर पट्टी कायमची दारावर. नाही मिळालं तर लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या शूटमधून अकरा मजले खाली.

आणखी एक नियम होता, आणि तो सगळ्यात कडक. आमच्या क्लबचे सामने इथल्या घड्याळाने सोमवारी पहाटे होतात. त्यामुळे सगळे ऑफिस करून संध्याकाळी दहा मिनिटांचा सारांश बघत. तोवर स्कोअर फोडायचा नाही. जो फोडेल त्याने चारही घरांना जेवण घालायचं.

डेरिक होल्कमसाठी चिठ्ठी मी काढली होती. तीन वर्षांपूर्वी, मला सिंगापूरला येऊन नऊ दिवस झाले होते. नव्या माणसाचा हात चांगला, म्हणून निशिकांतदादांच्या बायकोने, मीनलताईंनी, वाटी माझ्यापुढे धरली. खेळ कसा असतो तेही मला ठाऊक नव्हतं. शहाऐंशी नंबर, टाइट एंड. सारंगने समजावलं होतं की हा रांगेच्या टोकाला उभा राहणारा गडी. चेंडू आला तर झेलायचा. नाही आला तर समोरच्या धिप्पाड माणसाला अंगाने अडवून आपल्या पळणाऱ्याला वाट करून द्यायची. चिठ्ठी आमच्याच घराची निघाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण क्लबने त्याच्यावर मोठी आशा ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात आमच्यात त्याचा होळकर झाला.

आणि आता, मार्चमध्ये, होळकर दुसऱ्या क्लबात निघाला होता.

सभा रविवारी जेवणानंतर ठरली. सेम्बावांगच्या आमच्या घरून निघालो तेव्हाच सारंगने सांगून टाकलं की तो फार भांडणार नाही. तीन वर्षांत चारच टचडाउन, म्हणजे या खेळातले गोल, आणि जानेवारीतल्या बाद फेरीत छातीवर आलेला चेंडू सोडला. काय बोलणार? "सरळ मान्य करू आणि मोकळे होऊ," तो म्हणाला. मी इराच्या टोपीची नाडी बांधत होते. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आठ महिन्यांच्या मुलीला टोपी नको असते.

मला वाईट वाटलं ते कशाचं, हे तेव्हा मी सांगितलं नाही.

जेवण होईपर्यंत सगळे गोड होते. मीनलताईंनी मसालेभात केला होता. मग निशिकांतदादांनी हात धुऊन, चष्मा पुसून, दारावरची पट्टी अलगद सोडवली आणि ताटात ठेवली. त्यांचा आवाज अशा वेळी बँकेतल्या साहेबासारखा होतो. पालकांनी बाजू मांडावी, असं त्यांनी सांगितलं.

सारंगने दीड मिनिटात बाजू मांडली. मुलगा स्वभावाने चांगला होता, मेहनती होता, नशिबाची साथ नव्हती.

"लग्न मोडताना मुलाबद्दल असंच सांगतात," प्रबोध भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले. सारंगही.

मग वाभाडे सुरू झाले. विवेकने टॅब्लेटवर आकडे काढून ठेवले होते: किती वेळा चेंडू त्याच्याकडे फेकला, किती वेळा त्याने पकडला, त्याच वर्षी निवडलेले बाकीचे टाइट एंड कुठल्या कुठे गेले. प्रबोध भाऊजींना आकडे लागत नाहीत. त्यांनी उभं राहून ती बाद फेरी करून दाखवली. धावत येणं, वर बघणं, हात पसरणं, आणि चेंडू सुटल्यावर होळकरने हेल्मेट धरून गुडघ्यावर बसणं. मसालेभातावर एवढा उत्तम अभिनय मी पाहिला नव्हता. मीनलताईसुद्धा डोळे पुसत होत्या. शेवटी भाऊजी धापा टाकत सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "तीन वर्षं सारंग, तीन वर्षं. केलं काय त्याने? मला एक गोष्ट सांग."

सारंगने हात जोडून दाखवले.

"मी सांगते," मी म्हणाले.

इरा माझ्या मांडीवर होती आणि माझं मंगळसूत्र चोखत होती. निशिकांतदादांनी नियमाचा विचार केला. पालक घर असतं, माणूस नसतो, तेव्हा घरातलं कोणीही बोलू शकतं, असा निर्णय त्यांनी दिला. फक्त हळूच विचारलं की मी किती सामने पाहिलेत.

"पहिल्या दोन वर्षांचं मला माहीत नाही. या सीझनचे सगळे पाहिले. पूर्ण."

"सारांश," विवेकने दुरुस्त केलं.

"सारांश नाही. लाइव्ह."

सारंग माझ्याकडे बघत होता.

मला सांगावं लागलं. सप्टेंबरात इरा दोन महिन्यांची होती. पहाटे चारच्या सुमारास तिला भूक लागायची आणि ती तासन्‌तास प्यायची, मध्ये झोपायची, पुन्हा प्यायची. सारंगला सातला उठून गाडी पकडायची असायची, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसायचे. दिवा लावला तर ती टक्क जागी व्हायची. मग मी फोन डायपरच्या खोक्याला टेकवून, आवाज बंद करून सामना लावायचे. एका हातात इरा, दुसरा हात तिच्या पाठीवर. पुढे सरकवायला हात मोकळा नसायचा, त्यामुळे जे दिसेल ते सगळं बघायचं. चेंडू कुठे जातो ते मला सुरुवातीला दिसायचंच नाही, एवढासा पडदा. म्हणून मी ओळखीचा नंबर धरून बसायचे. शहाऐंशी.

"वहिनी लाइव्ह बघतात आणि सारंगला पत्ता नाही," प्रबोध भाऊजी हळूच म्हणाले. "म्हणजे स्कोअर—"

"स्कोअर मी फोडला नाही. एकदाही नाही."

आणि ते खरं होतं. सात वाजता सारंग डोळे चोळत बाहेर यायचा, मी त्याला चहा द्यायचे, आणि आम्ही हरलोय की जिंकलोय हे मला माहीत असायचं. संध्याकाळी तो सारांश लावून सोफ्याच्या काठावर बसायचा, देव पाण्यात घालून बसल्यासारखा, आणि मी पोळ्या लाटत बरोबरीने काळजी करायचे. त्याच्या आनंदाची ती दहा मिनिटं मी कशी खर्च करू? पण हे मी सभेत बोलले नाही. मी भाऊजींना त्यांचा फोन काढायला सांगितलं.

त्यांच्या फोनवर नोव्हेंबरपासून एक धाव ठेवलेली आहे. कार्सन नावाचा आमचा पळणारा, सत्तर यार्डांची धाव, टचडाउन. भाऊजींनी ती लिफ्टमध्ये पाहिली आहे, हॉकर सेंटरमधल्या जेवणाच्या रांगेत पाहिली आहे, आपल्या सासऱ्यांना पुण्याला पाठवली आहे. विवेकने ती टीव्हीवर लावली. सगळ्यांनी सवयीने कार्सनबरोबर मान फिरवली.

"पुन्हा लावा. आता कार्सनकडे बघू नका. डाव्या टोकाला बघा."

दुसऱ्यांदा लावली. डाव्या टोकाला शहाऐंशी. चेंडू हलायच्या आत तो पहिल्या माणसात घुसला, त्याला खांद्याने वळवलं, सोडलं, आणि दुसऱ्याच्या पायांत स्वतःला टाकून दिलं. दोघंही त्याच्या अंगावर. त्या फटीतून कार्सन गेला, आणि कार्सनबरोबर कॅमेराही गेला.

"सारांश इथे संपतो," मी म्हणाले. "मी पुढचं पाहिलंय. कार्सनला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं तेव्हा हा अजून उठत होता. एकटा. उठला, हेल्मेटमधली माती काढली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. शंभर वेळा पाहिलीत ना ही धाव, भाऊजी? हा कुठे दिसला होता?"

विवेकने स्वतःहून तिसऱ्यांदा लावली. "त्याने दोघांना घेतलं, ला," तो सिंगापुरी लकबीत स्वतःशीच म्हणाला. "दोघांना."

"असं प्रत्येक सामन्यात होतं. तुम्ही बघितलं नाहीत म्हणून झालं नाही, असं नाही."

माझा आवाज चढला होता. इराने मंगळसूत्र सोडून माझ्या तोंडाकडे पाहिलं. निशिकांतदादांनी घसा साफ केला आणि फार सौम्यपणे, खरोखरच सौम्यपणे, बाद फेरीतल्या चेंडूबद्दल विचारलं.

"सुटला," मी म्हणाले. "झेलायला हवा होता. मी त्याच्या वतीने कारण देणार नाही. तुम्ही एक सुटलेला चेंडू धरून बसा, माझी हरकत नाही. पण तीन वर्षं काहीच केलं नाही, हे मी ऐकून घेणार नाही. या घरात तर नाहीच, त्याचं नाव तुमच्या दारावर असताना."

मीनलताईंनी उगाचच पाण्याचे ग्लास भरले.

मत झालं. प्रबोध भाऊजींनी खाली बघत सांगितलं की वहिनींचं सगळं खरं, पण टाइट एंडचं काम निम्मं झेलण्याचंही असतं, आणि त्यात तो नापास; पट्टी जावी. विवेकने टॅब्लेट उघडला, मिटला, आणि माझ्याकडे न बघता तेच म्हटलं. निशिकांतदादा तोंड उघडणार तेवढ्यात मीनलताई म्हणाल्या, "आमच्या घराचं मत, पट्टी राहू दे." दादांनी बायकोकडे पाहिलं, मग घराला एकच मत असतं हा आपणच केलेला नियम त्यांना आठवला असावा. दोन विरुद्ध एक. पट्टी जाणार.

निकाल वहीत लिहून दादा ताटाकडे वळले. ताट रिकामं होतं.

पट्टी इराच्या मुठीत होती. मी तावातावाने बोलत असताना पुढे वाकले होते, तेव्हा तिने कधी हात घातला कुणाला कळलं नाही. अर्धं नाव मुठीत, शहाऐंशीचा आकडा तोंडात.

दादांनी तिला चमचा दाखवला. तिने चमच्याकडे पाहिलं आणि मूठ आणखी आवळली. भाऊजींनी खुळखुळा वाजवला, मग स्वतःच्या गाडीची किल्ली पुढे केली, जी ते बायकोलाही सहज देत नाहीत. इराने दुसऱ्या हाताने किल्ली घेतली. पहिला हात सोडला नाही. दादांनी दोन बोटांनी पट्टीचं टोक धरून अगदी थोडं ओढून पाहिलं. तिचा खालचा ओठ पुढे आला.

"राधिका," दादा म्हणाले, "जरा सोडव."

"तुम्हीच काढून घ्या."

"अगं, निकाल लागलाय."

"लागला ना. मी नाही म्हणते का? घ्या काढून."

कोणी पुढे झालं नाही. आणि मग सारंग सोफ्यावरून उठला, माझ्या मांडीवरून इराला मुठीसकट उचलून घेतलं आणि खांद्याला लावलं. दीड मिनिटात बाजू मांडणारा माझा नवरा त्या तिघांकडे बघून म्हणाला, "तिने पकडलंय, दादा. आता ते आमच्याकडे."

निशिकांतदादांनी वही पुन्हा उघडून निकालाखाली एक ओळ लिहिली. नंतर मीनलताईंनी ती मला वाचून दाखवली: अंमलबजावणी होऊ शकली नाही.

सेंगकांगहून सेम्बावांगला जायला दोनदा मेट्रोची गाडी बदलावी लागते. पहिल्या गाडीत सारंग इराला खांद्याला लावून दाराशी उभा राहिला. दुसऱ्या गाडीत इरा त्याच्या छातीवर झोपली. पट्टी मऊ आणि ओली होऊन तिच्या गालाला चिकटली होती. तिसऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली.

"नोव्हेंबरात आपण ओळीने चार हरलो," तो म्हणाला. "चारही सोमवारी तुला सकाळीच माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला शिरा करून दिला होतास. एका सोमवारी."

"त्या दिवशी फारच वाईट हरलो होतो."

तो हसला, पण आवाज न करता, इरा उठू नये म्हणून. खिडकीबाहेर ब्लॉकच्या गॅलऱ्यांत बांबूंवर वाळत घातलेले कपडे मागे जात होते. मग त्याने विचारलं, मी पहाटे नेमकी किती वाजता उठायचे. मी सांगितलं. चार, कधी साडेतीन, एकदा दोन. तो मनात काहीतरी मोजत असावा.

"पुढच्या सीझनला मला उठव," तो म्हणाला.

"नाही उठवणार," मी म्हणाले. "स्वतः ऊठ."

त्याने मान हलवली. सेम्बावांग येईपर्यंत तो इराच्या मुठीवर आपला हात ठेवून बसला होता, पट्टी गळून पडू नये म्हणून.